कातडीचे चट्टे आणि सुजलेली बोटे

गेल्या दिवाळीनंतर ढाणकीचे एक शेतकरी माझ्याकडे आले. कापूस वेचताना बोटे वाकत नाहीत, ही त्यांची तक्रार. डाव्या हाताचे मधले बोट मुळापासून टोकापर्यंत सुजले होते. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नसे. वात असेल, चिकुनगुनियाचा मागमूस असेल, असे समजून दोन वर्षे वेदनाशामक गोळ्या चालल्या होत्या. मी त्यांना सदऱ्याच्या बाह्या वर करायला सांगितल्या. कोपरांवर चंदेरी खपल्यांचे लाल चट्टे होते. लोक महारोग समजतील म्हणून त्यांनी ते झाकून ठेवले होते. "साहेब, याचा बोटांशी काय संबंध?" त्यांनी विचारले.

वाचकहो, संबंध आहे.

हे चट्टे सोरायसिसचे. हा रोग स्पर्शाने पसरत नाही. शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वतःवर उलटते आणि त्वचेत दाह निर्माण होतो. तसाच दाह सांध्यांत आणि स्नायूंचे बंध हाडाला चिकटतात तेथेही होतो. सोरायसिसच्या १०० रुग्णांपैकी सुमारे २० जणांना हा सांधेविकार जडतो. बहुधा चट्टे आधी येतात, सांधे काही वर्षांनी धरतात. रक्तातील 'आर. ए. फॅक्टर' बहुतेकदा निगेटिव्ह येतो. रुग्ण निश्चिंत होतो आणि आत हाड झिजत राहते.

याच जातीचा, पण दुर्मीळ विकार म्हणजे 'सॅफो'. हे नाव १९८७ साली फ्रेंच डॉक्टरांनी दिले. यात तळहात-तळपायांवर पुवाचे फोड किंवा तीव्र मुरमे येतात आणि गळ्याखालचे हाड छातीच्या हाडाला जुळते तेथे सूज येते. ती हाडाचा क्षय वाटू शकते.

मग ओळखायचे कसे? सबंध बोट सुजणे, टाच दुखणे, नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे, सकाळी अर्ध्या तासाहून अधिक आखडलेपण. यांपैकी काहीही असून अंगावर चट्टे असतील, तर दोन्ही एकाच डॉक्टरांना दाखवा. कानामागे, डोक्यात, बेंबीतही पाहा. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग व अस्थिरोग हे दोन्ही विभाग आहेत.

उपचार आहेत, मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवा. स्टेरॉइडच्या गोळ्या-इंजेक्शनांनी चार दिवस बरे वाटते. ती थांबताच चट्टे अंगभर उसळू शकतात. आणि मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्याने रुग्ण दगावले आहेत. ती चालू असताना दारू वर्ज्य, रक्ततपासणी आवश्यक. गरोदरपणी ती मुळीच चालत नाही.

त्या शेतकऱ्यांची मूठ आता वळते. त्या एका बोटाचे शेवटचे पेर मात्र वाकडेच राहिले. दोन वर्षांपूर्वी बाही वर केली असती, तर कदाचित तेही वाचले असते.