गिळताना वेदना : दोष नेहमी घशाचाच नसतो

कोरमंगला (बंगळुरू) : घास गिळताना दुखू लागले की ठपका घशावर येतो आणि मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या सुरू होतात. बहुतेक वेळा हा अंदाज बरोबरही असतो. मात्र वेदना छातीच्या मध्यभागी जाणवत असेल, तर तिचे मूळ अन्ननलिकेत असण्याची शक्यता अधिक. तेथे गुळणी पोहोचत नाही.

२००७ मध्ये फ्लिपकार्टची सुरुवात झाली ते कोरमंगला रात्री उशिरापर्यंत जागे असते. उशिराचे जेवण आणि लगेच अंथरूण या दिनक्रमात जठरातील आम्ल वर चढून अन्ननलिकेचा दाह होऊ शकतो. त्याहून दुर्लक्षित कारण म्हणजे झोपताना घोटभर पाण्यासोबत घेतलेली गोळी. मुरुमांवर दिले जाणारे डॉक्सिसायक्लिन, काही वेदनाशामके आणि हाडांच्या ठिसूळपणावरील अॅलेंड्रोनेट ही औषधे अन्ननलिकेत अडकून तेथेच विरघळली, तर आतील अस्तर भाजते व व्रण पडतो. दुखणे काही तासांनी सुरू होत असल्याने गोळीची आठवणही कोणाला होत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध बदलल्यास व्रण सहसा काही दिवसांत किंवा आठवड्यांत भरून येतो. अशी गोळी पेलाभर पाण्यासोबत घ्यावी आणि त्यानंतर किमान अर्धा तास आडवे होऊ नये.

घशाचे दुखणे बहुधा विषाणूजन्य असते आणि आठवड्याभरात ओसरते; प्रतिजैविकांचा त्यावर परिणाम होत नाही. अपवाद स्ट्रेप्टोकोकस जिवाणूचा. शाळकरी मुलाला खोकला नसताना ताप, मानेत गाठी आणि टॉन्सिलवर पांढरा थर दिसल्यास तपासणी आवश्यक ठरते. हा संसर्ग दुर्लक्षित राहिल्यास पुढे हृदयाच्या झडपांना इजा होऊ शकते. त्यामुळे पेनिसिलिन किंवा अॅमॉक्सिसिलिनचा साधारण १० दिवसांचा क्रम, बरे वाटले तरी, अर्धवट सोडू नये. मधुमेह, एचआयव्ही, केमोथेरपी किंवा दम्याचा स्टिरॉइड पंप यांमुळे घशात वा अन्ननलिकेत बुरशी वाढू शकते. तिच्यावर वेगळे औषध लागते.

लाळही गिळता न येणे, श्वास अडखळणे, तोंड न उघडणे ही तातडीची लक्षणे होत. वेदना दोन-तीन आठवडे टिकली, वजन घटले किंवा घास अडकू लागला, तर एंडोस्कोपी लांबवू नये. तंबाखू वा मद्याची सवय असलेल्यांनी तर मुळीच नाही. कोरमंगलातील सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ही तपासणी होते. कर्करोगाचे निदान झाल्यास होसूर रस्त्यावरील किदवाई ही सरकारी संस्था जवळच आहे.