ह्यूएलाइट : अळूतले, कोळशातले आणि मुतखड्यातले



अळूच्या वड्या सगळ्यांना आवडतात. पण अळूचे कच्चे पान कोणी खात नाही. खाल्ले तर घसा खवखवतो आणि जीभ चरचरते. सुरण चिरताना आईच्या हाताला खाज सुटते. असे का होते? कारण अळूत आणि सुरणात फार बारीक सुया असतात. त्या नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, सूक्ष्मदर्शकातून दिसतात. काडेपेटीत काड्या जशा शेजारी शेजारी असतात तशी त्या सुयांची जुडी असते. पान चावले की जुडी फुटते आणि सुया टोचतात. गाईगुरांनी आपल्याला खाऊ नये म्हणून झाड असे करते. हुशार आहे की नाही?

त्या सुया ज्या पदार्थाच्या असतात त्याला कॅल्शियम ऑक्झॅलेट म्हणतात. हा पदार्थ झाडात पुष्कळ सापडतो, पण खडकात फार क्वचित सापडतो. खडकात सापडला की त्याला ह्यूएलाइट म्हणतात. विल्यम ह्यूएल नावाचे एक इंग्रज विद्वान होते. ते केंब्रिजला खनिजशास्त्राचे प्राध्यापक होते. इंग्रजीतला ‘सायंटिस्ट’ हा शब्दसुद्धा त्यांनीच तयार केला. तो १८३४ साली पहिल्यांदा छापला गेला. पुढे १८५२ साली ब्रुक आणि मिलर या दोघांनी या खनिजाला ह्यूएल यांचे नाव दिले. इंग्रजीत हे नाव लिहितात वेगळे आणि म्हणतात वेगळे. मी बाईंना तीन वेळा विचारून लिहिले आहे.

आता हा पदार्थ कसा तयार होतो ते सांगते. त्याला दोन वस्तू लागतात. एक कॅल्शियम. तो चुन्यात असतो, दुधात असतो, आपल्या हाडांत असतो. दुसरी वस्तू म्हणजे ऑक्झॅलिक आम्ल. ते आंबट असते. ओढ्याच्या काठी आंबुशी उगवते, तिची पाने आपण खातो, ती आंबट लागतात ना? ते ह्याच आम्लामुळे. आंबुशीच्या जातीचे शास्त्रीय नाव ऑक्झॅलिस आहे, त्यावरूनच आम्लाला ऑक्झॅलिक नाव पडले. पहाटे हरभऱ्यावर जी आंब येते तिच्यातही ते थोडे असते. आजी हरभऱ्यावर पांढरे फडके टाकून आंब धरते, ती पोटदुखीवर देतात.

कॅल्शियम आणि हे आम्ल पाण्यात भेटले की लगेच एकमेकांना धरतात. मग ते विरघळलेले राहत नाहीत, खाली साका बसतो. तोच कॅल्शियम ऑक्झॅलेट. मीठ, साखर पाण्यात विरघळते, तसा हा विरघळत नाही. एक लिटर पाण्यात जेमतेम ६ ते ७ मिलिग्रॅम विरघळतो, म्हणजे साखरेच्या थोड्याशा दाण्यांएवढा. हा त्याचा गुण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ह्यूएलाइटचे बाकीचे गुण असे. त्याचे स्फटिक बिनरंगी, पांढरे किंवा पिवळसर असतात, काचेसारखे चमकतात. ते ठिसूळ असतात आणि फार कठीणही नसतात. लोखंडी खिळ्याने ओरखडा उठतो. तेवढ्याच आकाराच्या पाण्यापेक्षा ते सव्वादोन पट जड असतात. कधी कधी दोन स्फटिक जोडून वाढतात आणि बदामाच्या आकाराचे दिसतात, पत्त्यातला बदाम असतो तसे. ह्यूएलाइट तापवले तर आधी त्यातले पाणी जाते. आणखी तापवले तर त्याची चुनखडी होते, आणि भट्टीसारखे खूप तापवले तर चुना होतो. आजी पानाला लावते तोच चुना! मला हे सगळ्यात जास्त आवडले.

बहुतेक खनिजे जिवंत वस्तूंशी संबंध नसताना तयार होतात. आपल्या काळ्या दगडाच्या पोकळीत चमकणारे पांढरे स्फटिक सापडतात, त्यांना झिओलाइट म्हणतात, ते तसेच. ह्यूएलाइट मात्र सेंद्रिय खनिज आहे. त्यातला कार्बन बहुतेक वेळा झाडापाल्यातून आलेला असतो. जगात सहा हजारांच्या आसपास खनिजे माहीत आहेत, त्यांत सेंद्रिय खनिजे अगदी थोडी. म्हणून ह्यूएलाइट सापडतो तो बहुधा कोळशाच्या खाणीत. कोळसा म्हणजे जमिनीत गाडलेली जुनी जंगलेच. जर्मनीत ड्रेस्डेन शहराजवळच्या कोळशाच्या खाणीत त्याचे चांगले मोठे स्फटिक सापडले. झेक देशात क्लाद्नो येथील कोळशाच्या खाणीतही सापडले. अमेरिकेत मोंटाना राज्यात हाव्रे गावाजवळ चुनखडीचे गोटे आहेत, त्यांच्या भेगांत तो सापडतो.

ह्यूएलाइटला भावंडेही आहेत. वेडेलाइट हा त्याचा सख्खा भाऊ, त्याच्यात पाणी जास्त असते. तो पहिल्यांदा दक्षिण ध्रुवाकडच्या वेडेल समुद्राच्या तळच्या चिखलात सापडला, म्हणून ते नाव. हंबोल्टीन पिवळा असतो, त्यात कॅल्शियमऐवजी लोखंड असते. मूलूआइट निळा-हिरवा असतो, त्यात तांबे असते. पश्चिम ऑस्ट्रेलियात खडकातले तांबे आणि त्यावर पडलेली पक्ष्यांची शीट यांच्यापासून तो तयार झाला. त्याची माहिती १९८६ साली छापून आली. (हे वाचून दाखवले तेव्हा वर्गात सगळे हसले. पण ते खरे आहे.)

आता माझा प्रश्न असा होता की, झाडांत हा पदार्थ एवढा आहे तर जमिनीत ढीग का साचत नाहीत? अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात साग्वारो नावाचे झाडाएवढे उंच निवडुंग असतात. एका मोठ्या निवडुंगात सुमारे १०० किलो वेडेलाइट असतो. म्हणजे सिमेंटची दोन पोती! पण निवडुंग मरून कुजले की काही वर्षांत त्याची चुनखडी होऊन जाते. मातीत असे सूक्ष्म जीव आहेत की ते ऑक्झॅलेटच खाऊन जगतात. तिथे ते खाणारे असतात म्हणून शिल्लक राहत नाही. कोळशाच्या खोल फटीत खाणारे कोणी नसते, म्हणून तिथे स्फटिक सावकाश वाढतो आणि टिकतो.

आणखी एका ठिकाणी तो सावकाश वाढतो. ते ठिकाण म्हणजे माणसाचे मूत्रपिंड.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या अण्णांच्या कुशीत रात्री फार दुखू लागले. ते कधी ओरडत नाहीत, पण त्या रात्री जमिनीवर लोळत होते. आजी म्हणाली, “भातातलं खडं पोटात जात्यात, त्याचाच मुतखडा व्हतो.” तालुक्याला डॉक्टरांनी सांगितले, तसे नसते. भातातला खडा पोटातून तसाच बाहेर पडतो, तो मूत्रपिंडात जात नाही. मुतखडा आतच तयार होतो. अण्णा दिवसभर उन्हात नांगरतात. दुपारपर्यंत नुसत्या चहावर असतात, पाणी कमी पितात. घामाने अंगातले पाणी जाते, लघवी दाट होते, आणि त्यातला कॅल्शियम आणि ऑक्झॅलिक आम्ल यांचा साका बसतो. अण्णांचे दोन खडे आपोआप पडले, तुरीच्या डाळीएवढे. एक तपासायला दिला. कागदावर आले, कॅल्शियम ऑक्झॅलेट, मोनोहायड्रेट. मी तो कागद बाईंना दाखवला. बाई म्हणाल्या, “अगं, हाच तर ह्यूएलाइट!”

दहा मुतखड्यांत सात-आठ कॅल्शियम ऑक्झॅलेटचेच असतात. पण अंगात तयार झालेल्याला खनिज म्हणत नाहीत, जमिनीत तयार झालेल्यालाच म्हणतात. मला हे काही पटत नाही. पदार्थ एकच, स्फटिक एकच, तर नाव वेगळे कशाला?

आजीने मग अण्णांचे दूध बंद केले. म्हणाली, “दुधात कॅल्शियम असतं, खडा वाढंल.” डॉक्टर म्हणाले, “दूध बंद करू नका.” मला आधी हे उलटेच वाटले. पण कॅल्शियम जेवणाबरोबर पोटात गेला तर तो ऑक्झॅलिक आम्लाला पोटातच धरतो, आणि दोघे शौचावाटे निघून जातात. दूध बंद केले तर आम्ल सुटे राहते, रक्तात जाते आणि मूत्रपिंडात येते. म्हणून अण्णांना दूध पुन्हा सुरू झाले. पालक आणि अळू कमी झाले, मीठही कमी झाले. लघवी पाण्यासारखी फिकी दिसेल एवढे पाणी प्यायला सांगितले आहे, दिवसात अडीच लिटर लघवी व्हायला हवी. पाण्याने जुना खडा विरघळत नाही (मघाशी सांगितलेला गुण आठवा), पण नवा साका बसत नाही आणि बारीक खडा वाहून जातो. दुखण्याबरोबर ताप आला किंवा लघवी अडली तर मात्र घरी थांबायचे नाही, लगेच दवाखान्यात जायचे.

अण्णा आता औताला जाताना मडक्याऐवजी मोठी कळशी नेतात. दुपारी मी ती विहिरीवरून पुन्हा भरून देते.

दुसरा खडा आमच्याकडेच आहे. भित्तिपत्रकाच्या खाली टेबलावर काचेच्या बाटलीत ठेवला आहे. तो तपकिरी आहे आणि तुतीच्या फळासारखा खडबडीत आहे. खाणीतल्यासारखा चमकत नाही. बघायचा असेल तर बाईंकडे भिंग मागावे. बाटली उघडू नये.

— इयत्ता चौथी