कान पिळा, अक्षर वाढवा!

लेकाने स्वतः जुळवलेला कीबोर्ड आणला. कोपऱ्यात जुन्या रेडिओसारखं गोल बटण. “आवाज कमी-जास्त करायला,” तो म्हणाला. मला हसूच आलं.

सासूबाईंनी मात्र विचारलं, “अरे, याने अक्षरं मोठी होतील का?”

संधिवाताने बोटं वाकडी झालेली. दोन कळा एकदम दाबणं जमेना, म्हणून त्यांनी संगणकावर पेपर वाचणंच सोडलं होतं. लेकाने ‘व्हाया’ सॉफ्टवेअरमध्ये बटणाचं काम बदललं. उजवीकडे फिरवलं की कंट्रोल-अधिक, डावीकडे कंट्रोल-वजा. दाबलं की कंट्रोल-शून्य, म्हणजे अक्षरं पूर्ववत!

आता “जरा मोठं करून दे गं” ही हाक येत नाही. मैत्रिणींनो, मी बाहेर ज्येष्ठांसाठी धावते. पण घरातल्या आईंना ‘काय अडतंय?’ असं कधी विचारलंच नव्हतं.