सेटअप रुसतो तेव्हा

घरच्या संगणकावर एखादा नवा प्रोग्रॅम बसवायचा असतो. सेटअपच्या चित्रावर आपण दोनदा टिचकी मारतो. क्षणभर काहीतरी गोल फिरतं आणि थांबतं, पुढं काहीच होत नाही. नाहीतर इंग्रजीतली एक चौकट उघडते. तिच्यात एखादा आकडा आणि खाली 'ओके' हा एकच पर्याय. आता यात ओके काय आहे, ते त्या चौकटीलाच ठाऊक! मग आमच्या घोटीचा माणूस संगणक पिशवीत घालून नाशिकची बस धरतो. तिथं बहुधा 'विंडोज नव्यानं टाकावी लागेल' असं सांगतात. विंडोज नवी होते, पण घरातले फोटो, पत्रं, हिशेब यांचं काय होईल याची खात्री नसते. पुष्कळदा एवढ्या थराला जायची गरजच नसते.

मी काही संगणकाचा जाणकार नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण माझ्या पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या कविता एका जुन्या मराठी पॅकेजात टाइप केलेल्या होत्या. वहीतली शाई पावसाळ्यात केव्हाच पसरली, त्यामुळं त्यांची प्रत फक्त संगणकाच्या फायलीत उरली. नव्या संगणकावर त्या पॅकेजचा सेटअप काही केल्या चालेना. त्या निमित्तानं जे कळत गेलं, ते आज सांगतो.

सेटअप म्हणजे नेमकं काय, हे आधी पाहू. आमच्या भागात भात थेट शेतात पेरत नाहीत. आधी एका तुकड्यात राब भाजून रोपं तयार करतात आणि मग चिखल झालेल्या खाचरात त्यांची आवणी करतात. सेटअपचंही तसंच आहे. तो एक बांधलेला गठ्ठा असतो. टिचकी मारल्यावर तो आधी 'टेम्प' नावाच्या तात्पुरत्या फोल्डरात स्वतःला सोडतो आणि तिथून एकेक फाइल उचलून तिच्या जागी लावतो. ज्याला आपण 'सेटअप चालत नाही' म्हणतो, त्यातली बरीच प्रकरणं या राबाच्या तुकड्यावरच अडलेली असतात. प्रोग्रॅमचा त्यात दोष नसतो.

सगळ्यांत साधं कारण झिपचं. फाइल झिप म्हणून आलेली असते. आपण ती उघडून आतल्या सेटअपवर थेट टिचकी मारतो. तेव्हा तो एकटाच बाहेर येतो, त्याचे सोबती आतच राहतात. आधी 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' करावं. दुसरं कारण, फाइल अर्धवट उतरलेली असणं. इथं वीज आणि नेट दोन्ही लहरी असल्यानं हे नेहमीचंच. मूळ जागेवर फाइलचा आकार दिलेला असेल, तर तो आपल्याकडच्या फाइलशी ताडून पाहावा. १६१८ हा आकडा आला तर घाबरू नये. दुसरं एखादं सेटअप आधीच चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ. थोडं थांबावं किंवा संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा. १६०३ मात्र 'काहीतरी बिघडलं' एवढंच सांगणारा आकडा आहे. डॉक्टरांना 'बरं वाटत नाही' एवढंच सांगावं, तसा.

एक कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. संगणकाच्या आत नाण्याएवढा एक सेल असतो, बहुतेकदा सीआर २०३२ जातीचा. तो संपला की वीज गेल्यावर संगणकाचं घड्याळ कित्येक वर्षं मागं जातं. सेटअपवर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते आणि त्या सहीला तारखा असतात. घड्याळ २००९ साल दाखवत असेल, तर २०२४ ची सही संगणकाला खोटी वाटणारच. तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख आधी पाहावी. सेल स्वस्तात मिळतो.

नेटवरून आलेल्या फाइलवर विंडोज एक शिक्का मारून ठेवतं आणि फाइल अनोळखी असेल तर 'विंडोज प्रोटेक्टेड युवर पीसी' अशी निळी चौकट दाखवतं. तिच्यात 'मोअर इन्फो' दाबलं की 'रन एनीवे' हा पर्याय दिसतो. पण तो दाबण्यापूर्वी फाइल कुठून आली ते स्वतःला विचारावं. बनवणाऱ्याच्या स्वतःच्या जागेवरून आली असेल तर ठीक. कुणीतरी पेन ड्राइव्हवर दिलेली असेल आणि 'आधी अँटिव्हायरस बंद करा' अशी सूचनाही सोबत असेल, तर ती फाइल पुसून टाकावी. इथं मी अजिबात मवाळ नाही.

आता जुन्या पॅकेजांकडे येतो. विंडोज ९५-९८ च्या काळातल्या अनेक प्रोग्रॅमांचे सेटअप १६ बिटचे होते. आतला प्रोग्रॅम ३२ बिटचा असला, तरी त्याला बसवणारा गडी जुनाच असे. ६४ बिटची विंडोज १६ बिटचा प्रोग्रॅम चालवतच नाही. २०२१ मध्ये आलेली विंडोज ११ तर फक्त ६४ बिटमध्येच मिळते. काही जुन्या नामांकित सेटअपांच्या जागी विंडोज स्वतःचा पर्यायी गडी लावतं, पण सगळ्यांच्या नाही. अशा वेळी 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करा, 'कंपॅटिबिलिटी' बदला, उपयोग नाही. एकतर जुना संगणक जिवंत ठेवायचा किंवा नव्या संगणकात व्हर्च्युअल मशीन करून त्यात जुनी विंडोज चालवायची.

माझ्या पॅकेजचा सेटअप ३२ बिटचा होता, तरीही अडत होता. गावातल्या कॉम्प्युटर क्लासचा मुलगा घरी आला आणि दहा मिनिटांत म्हणाला, "चाचा, तुमचं नाव नडतंय."

मुसलमान माणूस मराठीत कसा काय लिहितो, हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेला आहे. त्यामुळं नाव नडण्याचं मला नवल वाटलं नाही. पण त्याचं म्हणणं वेगळंच होतं. माझ्या मुलीनं संगणक लावताना खात्याला माझं नाव देवनागरीत दिलं होतं. विंडोज त्या नावाचाच फोल्डर करतं आणि टेम्पचा फोल्डर त्याच्या पोटात असतो. जुन्या प्रोग्रॅमांना एका वेळी अक्षरांचा एकच तक्ता वाचता येतो. रशियन, ग्रीक, अरबी लिप्यांसाठी विंडोजमध्ये असे तक्ते होते. अरबीचा तर १२५६ क्रमांकाचा. देवनागरीसाठी जुन्या प्रोग्रॅमांना वापरता येईल असा तक्ता कधी दिलाच गेला नाही. भारतीय मानक संस्थेनं १९९१ मध्ये 'इस्की' हे मानक ठरवलं होतं, त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी आली. विंडोज २००० पासून मराठी थेट युनिकोडमध्येच लिहिता येऊ लागली. जुना सेटअप मात्र माझं नाव वाचायला गेला की त्याला नुसती प्रश्नचिन्हं दिसत. विंडोजमध्ये फोल्डरच्या नावात प्रश्नचिन्ह चालतच नाही. म्हणजे सेटअप जो पत्ता शोधत होता, तो असूच शकत नव्हता.

"अब्बा, नाव इंग्रजीत करून टाकू," मुलगी म्हणाली. पण दिसणारं नाव बदलून भागत नाही, फोल्डरचं नाव खातं उघडताना ठरतं ते तसंच राहतं. मार्ग दोन आहेत. एक, इंग्रजी नावाचं दुसरं खातं उघडायचं, त्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार द्यायचे आणि सेटअप तिथून चालवायचा. दुसरा मला आवडला. सी ड्राइव्हवर 'टेम्प' नावाचा फोल्डर इंग्रजी अक्षरांत करायचा. मग विंडोजच्या शोधपेटीत 'एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स' शोधून 'टेम्प' आणि 'टीएमपी' या दोन्हींसमोर त्या नव्या फोल्डरचा पत्ता घालायचा. म्हणजे राबाची जागा तेवढी हलवायची. माझं नाव देवनागरीतच राहिलं आणि सेटअप पुढं सरकला.

आणखी एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. जुन्या मराठी मजकुरासाठी पूर्ण पॅकेज लागतंच असं नाही. त्या काळच्या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत, म्हणून फॉन्ट नसला की कविता उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. मजकूर वर्डच्या फायलीत असेल आणि सीडीवर फॉन्टच्या फायली मोकळ्या मिळाल्या, तर त्यांवर उजवी टिचकी मारून 'इन्स्टॉल' केलं की वाचता येतं. नंतर त्या फॉन्टसाठी केलेल्या कन्व्हर्टरमधून मजकूर युनिकोडमध्ये आणावा. आणि सीडी आहेत तोवर त्यांची नक्कल पेन ड्राइव्हवर करून ठेवावी. नव्या लॅपटॉपांना सहसा सीडीची खाचच नसते.

कन्व्हर्टरवर डोळे झाकून विसंबू मात्र नये. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होत असे, युनिकोडमध्ये ती नंतर येते. त्यामुळं ती, रफार आणि 'दुसऱ्या', 'वाऱ्या' यांतला अर्धा र हमखास दगा देतात. या जागा ओळीओळीनं पाहून हातानंच दुरुस्त कराव्या लागतात. मी रोज रात्री दोन कविता घेतो, अजून निम्म्या बाकी आहेत.