पिकअपवर कुत्र्यांसाठी घरचा डबा: मापं, हवा आणि हिशोब

व्हिडिओमध्ये मापं भराभर सांगितली गेली, म्हणून इथे सगळं निवांत लिहितोय. कागद-पेन्सिल घेऊन बसा. ज्यांच्याकडे आधीच छोटा हत्ती किंवा पिकअप आहे आणि जे पाळीव कुत्र्यांच्या ने-आणीचं काम सुरू करायचं म्हणतायत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. गाडीच नसेल तर फक्त या कामासाठी गाडी घेऊ नका. आधी गिऱ्हाईक बघा, मग गाडी.

गिऱ्हाईक कोण? बदली झालेलं कुटुंब. सामान ट्रकमधून जातं, माणसं विमानाने किंवा रेल्वेने, आणि लॅब्राडॉरचं काय करायचं हा प्रश्न शेवटच्या आठवड्यात उभा राहतो. रेल्वेत कुत्रा नेता येतो, पण एसी फर्स्ट क्लासचा अख्खा कूपे मिळवा, नाहीतर गार्डाच्या डब्यातल्या डॉग बॉक्समध्ये ठेवा. लोकांना दोन्ही नको असतं. शिवाय दिवाळीत आणि मे महिन्यात कुत्रा बोर्डिंगला सोडणारे, ग्रूमिंगला पाठवणारे, स्वतःची गाडी नसलेले आजी-आजोबा. ही छोटी कामं रोजची असतात आणि धंदा खरा त्यांच्यावरच चालतो.

आता डबा. युट्यूबवर शोधलंत तर अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचे डॉग बॉक्स दिसतील. चकचकीत अॅल्युमिनियम, मागे दोन दारं, छोट्या झडपा. त्यांची नक्कल करू नका. ते डबे शिकारी कुत्र्यांच्या मापाचे असतात आणि बरेचसे थंडीतल्या कामाचा विचार करून बनवलेले. आपला शत्रू थंडी नाही, ऊन आहे. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. तिथे तसला बंद डबा म्हणजे भट्टी.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्याचा मुख्य कूलर. त्यासाठी बाहेरची हवा सतत आत यायला लागते. डब्यातली हवा गरम आणि दमट झाली की धापा टाकूनही उपयोग होत नाही आणि थोड्याच वेळात जिवावर बेततं. पग, बॉक्सर, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींना तर फारच लवकर. म्हणून आधी हवा ठरवायची, मग भिंती.

माप कुत्र्यावरून काढायचं, गाडीवरून नाही. विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, म्हणजे आयाटाचा, हिशोब सोपा आहे. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, अधिक पुढच्या पायाच्या कोपराची जमिनीपासूनची निम्मी उंची, ही झाली खणाची लांबी. खांद्याच्या रुंदीची दुप्पट म्हणजे खणाची रुंदी. उभं राहिल्यावर डोक्याची किंवा कानाची जी टोकाची उंची, ती खणाची उंची. समजा कुत्र्याची लांबी ३६ इंच, कोपर १२ इंचांवर, खांदे ११ इंच, डोकं २८ इंचांवर. मग खण आला ४२ बाय २२ बाय २८. गादीसाठी थोडं वाढवून मी ४२ बाय २४ बाय ३० धरतो. कुत्रा त्यात उभा राहतो, वळतो, आडवा होतो. याहून फार मोठा करू नका. ब्रेक लागला की मोठ्या खणात कुत्रा भिंतीवर आदळतो.

टाटा एसचा हौदा साधारण सात फूट लांब आणि पावणेपाच-पाच फूट रुंद असतो. मॉडेलप्रमाणे फरक पडतो, तुमच्या गाडीला टेप लावा. त्यात चार खण बसवायचा मोह होतो. बसवू नका, दोनच बसवा. शेजारी शेजारी, केबिनच्या बाजूला, पाठीमागे चार इंच फट सोडून. बाहेरून डबा ५२ इंच रुंद आणि ४४ इंच खोल होतो. दोन्ही बाजूंना हवेला जागा राहते आणि मागे साधारण तीन फूट हौदा मोकळा राहतो.

त्या तीन फुटांना फुकट गेलेली जागा समजू नका. या धंद्यातलं सगळ्यात मोठं संकट अपघात नाही, कुत्रा निसटणं आहे. अनोळखी गावात, हायवेवर, घाबरलेला कुत्रा एकदा सुटला की हाकेला येत नाही. डब्याचं दार थेट रस्त्यावर उघडत असेल तर एक सेकंद पुरतो. दार हौद्यात उघडलं की बाहेर अजून फाळका असतो. मात्र फाळका बुटका असतो, मोठा कुत्रा सहज उडी मारेल. म्हणून हौद्याच्या मागच्या भागाला कडेने आणि वरून जाळीची चौकट लावा. शिस्त अशी: माणूस आधी आत, चौकट बंद, मग खणाचं दार, मग पट्टा, पट्टा हातात आला की मगच चौकट उघडायची. दोन दारं एका वेळी कधीच उघडी नाहीत. मदतनीस ठेवलात तर पहिल्या दिवशी त्याला हेच शिकवा.

सामानाची यादी. सांगाड्याला २५ बाय २५ मिलिमीटरचा चौकोनी एमएस पाइप, १६ गेज, २० फुटांचे चार नग. वॉटरप्रूफ प्लाय घेताना आयएस ७१० चा शिक्का बघून घ्या, दुकानदाराच्या 'मरीनच आहे साहेब' वर जाऊ नका. ८ बाय ४ चा १८ मिलिमीटरचा एक तक्ता तळाला. १२ मिलिमीटरचे दोन: एकातून आतलं छप्पर आणि मधला पडदा निघतो, दुसऱ्यातून समोरची आणि दोन्ही बाजूंची खालची १५ इंची पट्टी. शिवाय १८ इंच रुंदीची एक लांब पट्टी उरते, तिला खालून पाइपचा आधार आणि वरून रबर लावलं की चढायची फळी तयार. म्हातारी कुत्री उडी मारत नाहीत, आणि ४० किलोचा कुत्रा रोज उचलाल तर कंबर तुमची जाईल.

बाजूंचा वरचा अर्धा भाग आणि दोन्ही दारं पूर्ण जाळीची. वेल्डमेश घ्या, जाड तारेची, एक इंची चौकोनाची. कोंबड्यांच्या खुराड्याची षटकोनी जाळी स्वस्त मिळते, पण कुत्रा ती दातांनी फाडतो आणि जबडा फाटतो तो वेगळाच. जाळी आतून लावा आणि कापलेली टोकं पट्टीखाली दाबा. प्लायच्या उघड्या कडांवर अॅल्युमिनियमचा अँगल मारा, नाहीतर पहिल्याच फेरीत चावून भुसा. खिळे नकोत, सगळीकडे स्क्रू आणि बोल्ट.

छप्पर दुहेरी हवं. आत प्लाय, वर दोन इंच मोकळी फट, त्याच्यावर पांढरा रंग दिलेला पत्रा. ऊन पत्र्यावर पडतं, गाडी चालू असताना फटीतून वारा जातो आणि ती उष्णता घेऊन जातो. खर्च किरकोळ, फरक मोठा. बाजूंना ताडपत्रीचे गुंडाळता येणारे पडदे लावा, पावसाळ्यात लागतील. मागची बाजू मात्र ताडपत्रीने घट्ट बंद करून बाजू उघड्या ठेवणं किंवा उलट, असे प्रयोग करू नका. चालत्या गाडीच्या पाठीमागे धूर आत ओढला जातो. हवा बाजूंनी यायला आणि जायला दोन्ही वाटा हव्यात.

तळाला प्लायच्या सांध्यांत सिलिकॉन भरा, वर एपॉक्सीचे दोन हात, मग काढता येणारी रबरी मॅट. तळ मागच्या बाजूला अर्धा इंच उतरता ठेवा आणि कोपऱ्यात भोक पाडा. लघवी मुरली की प्लायही जातो आणि गिऱ्हाईकही. वास आलेल्या गाडीत कुणी आपलं लेकरू बसवत नाही, आणि ही मंडळी कुत्र्याला लेकरूच म्हणतात.

दाराला कडी आणि त्यात साखळीने बांधलेली पिन. कुलूप लावायचं नाही. अपघातात तुम्ही बेशुद्ध असाल तर दुसऱ्या माणसाला दार उघडता आलं पाहिजे. डबा हौद्याच्या हुकांना चारही कोपऱ्यांत रॅचेट बेल्टने आवळा, खाली जाड रबराची शीट. गाडीला वेल्डिंग करू नका. काढता-घालता येणारा डबा असला की उरलेले दिवस गाडी दुसऱ्या भाड्याला मोकळी. सगळं मिळून वजन नव्वद-शंभर किलो भरतं, चार माणसं सहज उतरवतात. एवढ्या कमी वजनावर मागचे पाटे उसळतात, म्हणून मोकळ्या जागेत वाळूची दोन-तीन पोती बांधून ठेवा. गाडी बसते, धक्के कमी होतात.

कायद्याचं थोडक्यात. पांढऱ्या नंबर प्लेटवर भाडं मारायचं नाही. १९७८ च्या जनावरांच्या वाहतुकीच्या नियमांत कुत्रा-मांजरांसाठी वेगळा भाग आहे: पशुवैद्यकाचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र सोबत हवं, आणि पोटातली पिल्लं भरत आलेल्या मादीची वाहतूक करायची नाही. लसीकरणाच्या कार्डाचा फोटो बुकिंगलाच मागून घ्या. उद्यम नोंदणी ऑनलाइन फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका.

दोन फेऱ्यांमध्ये डबा नीट धुवा. आधी घाण आणि केस काढून साबणाने, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, दहा मिनिटं राहू द्या, मग भरपूर पाणी आणि ऊन. पार्वोचा विषाणू साध्या साबणाला दाद देत नाही. फिनेल वापरू नका, उद्या मांजर आलं तर तिच्यासाठी ते विष आहे.

आता पैसे. समजा डबा २६,००० रुपयांना पडला आणि तीन वर्षं टिकला. महिन्याला झाले ७२२. महिन्याला १२ फेऱ्या धरल्या तर फेरीला ६० रुपये. म्हणजे डबा महाग पडत नाही, तिथे काटकसर करून पातळ जाळी घेण्यात अर्थ नाही. महाग पडते ती रिकामी परतफेरी. पुणे-नाशिक एका बाजूने २१० किलोमीटर धरा, येऊन-जाऊन ४२०. गाडी १६ चं अॅव्हरेज देते आणि डिझेल ९५ रुपये असं समजलं तर डिझेलचेच अडीच हजार. त्यावर टोल, गाडीची झीज आणि तुमचा अख्खा दिवस. एका बाजूचं भाडं सांगताना दोन्ही बाजूंचा खर्च धरा, आणि परतीचं गिऱ्हाईक मिळालं तर दोघांनाही सूट द्या. तुमच्या गाडीचे खरे आकडे टाकून हा हिशोब आजच वहीत मांडा. 'शेजाऱ्याने इतके घेतले' यावरून दर ठरवू नका.

उन्हाळ्यात निघायची वेळ पहाटे चार. निघण्याआधी चार-पाच तास पोटभर खाणं नाही, घाटात उलट्या होतात. दर दोन-अडीच तासांनी थांबा, सावलीत, पाणी पाजा. जेवायला थांबलात तर एक माणूस गाडीपाशी. वायरवाला डिजिटल थर्मामीटर स्वस्तात मिळतो: काटा खणात, आकडा केबिनमध्ये तुमच्यासमोर. दोन छोटे १२ व्होल्टचे पंखे फ्यूज घालून बॅटरीवरून जोडा, टोलच्या रांगेत आणि पंक्चरच्या वेळी तेच कामाला येतात.

पहिलं बुकिंग घ्यायच्या आधी रिकामा डबा घेऊन भर दुपारी ४० किलोमीटर फिरा. खणात थर्मामीटर आणि पाण्याने अर्धं भरलेलं भांडं ठेवा. परत आल्यावर भांडं कलंडलेलं असेल तर बेल्ट आणि वाळूची पोती पुन्हा बघा. मग गाडी उन्हात पंधरा मिनिटं पंखे लावून उभी करा. खणातला आकडा बाहेरच्या सावलीपेक्षा दोन-तीन डिग्रीहून जास्त चढला, तर बाजूंची खालची पट्टी १५ वरून १० इंचांवर आणा आणि जाळी वाढवा.