करड्या पट्ट्यांचा हिशेब

निनावीपणे जालावर वावरण्यासाठीच्या टॉर ब्राउझरची विंडो मोठी केली की पानाच्या कडांना रिकाम्या करड्या पट्ट्या का उरतात, असं वाचक विचारतात. त्यांना तो बिघाड वाटतो. पण विंडोच्या मापावरून वापरणारा ओळखू येऊ नये, म्हणून २०१९ च्या ९.० आवृत्तीपासून हे मुद्दाम केलेलं आहे; नाव लेटरबॉक्सिंग. पानाला मिळणारी जागा रुंदीत २०० आणि उंचीत १०० पिक्सेलच्या पटीत बसवली जाते. लॅपटॉपचा पडदा १३६६ पिक्सेल रुंद असेल, तर पानाच्या वाट्याला १२०० येतात आणि १६६ वाया जातात.

एवढ्याशा मापाने काय उघडं पडतं? १३६६ चा पडदा तर असंख्य लोकांकडे आहे. आक्षेप रास्त वाटतो, पण संकेतस्थळाला विंडोच्या आतल्या जागेचंही माप कळतं. टास्कबार केवढा, बुकमार्कची पट्टी उघडी की मिटलेली, कोपरा धरून विंडो किती ओढली, यावर ते ठरतं. ११८७ बाय ६४३ असं माप आणखी कुणाचं असणार? इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या पीटर एकर्स्ली यांनी २०१० मध्ये ४,७०,१६१ ब्राउझरांचे ठसे (म्हणजे ओळख पटवणाऱ्या खुणांचे संच) तपासले, तेव्हा ८३.६ टक्के ठसे एकमेव निघाले. (तपासायला आपणहून आलेली मंडळी गोपनीयतेबाबत जागरूक होती, हे ध्यानात ठेवायला हवं.) पडद्याचं माप हा त्या ठशातला एक धागा; फाँट, प्लगइन, टाइमझोन हे आणखी काही. टॉरच्या तीन रिलेंमागे, म्हणजे वाटेतल्या तीन संगणकांमागे, आयपी पत्ता दडवायचा आणि विंडोच्या मापावरून सापडायचं, हा चेहरा झाकूनही चालीवरून ओळखू येण्यातला प्रकार झाला. मग खोटं माप का सांगू नये? सांगता येईल, पण पानाची मांडणी खऱ्या रुंदीवर होते. मजकूर किती ओळींत मोडला, हे स्क्रिप्ट मोजू शकते आणि थाप पकडली जाते. वर थापाड्या ब्राउझर ही आणखी एक ओळख. म्हणून जागाच खरोखर तेवढी द्यावी लागते.

तरी कटकट ती कटकटच, आणि ती क्षुल्लक मानणं मला पटत नाही. टॉर उभारणाऱ्यांपैकी रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन यांनीच २००६ च्या निबंधात मांडलं होतं, की निनावीपणाला गर्दी लागते आणि वापरायला अवघड साधनाभोवती गर्दी जमत नाही. या कसोटीवर टॉर स्वतः बरीच वर्षं नापास होत होतं. नवी विंडो जास्तीत जास्त १००० बाय १००० उघडायची. रुंद पडद्यावर ती आखूड दिसे आणि कित्येक संकेतस्थळं टॅबलेटची मांडणी पुढे करत. साहजिकच माणूस विंडो ओढून मोठी करणार आणि त्या ओढण्यातच गर्दीबाहेर पडणार. २०२३ मध्ये १३.० आवृत्तीने मर्यादा १४०० बाय ९०० केली आणि ओढण्याचं मोठं कारणच काढून घेतलं. लेटरबॉक्सिंग प्रगत सेटिंगमधून बंदही करता येतं. मी करू नका म्हणेन: बंद करणारे थोडे, म्हणून ते चटकन उठून दिसतात. पट्ट्या डोळ्यांना खुपतच असतील तर १३.५ आवृत्तीपासून पट्टीवर दोनदा क्लिक करा. विंडोच आक्रसून पानाच्या मापाची होते.