इकाम्याला बांधलेला विमा

आखातात कामाला निघालेल्या माणसाचं शरीर सगळ्यांत आधी मुंबईत तपासलं जातं. आखाती देशांनी मान्यता दिलेल्या ठरावीक केंद्रांतच ही तपासणी चालते. कागदोपत्री तिचं नाव बदलून ‘वाफिद’ झालं असलं तरी कोकणात तिला अजून ‘गामका’च म्हणतात. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे. क्षयाचा जुना, भरून आलेला डाग दिसला तरी ‘अनफिट’चा शिक्का बसू शकतो आणि मग एजंटाला दिलेले पैसे परत मिळवण्याचं वेगळंच प्रकरण सुरू होतं. परक्या कामगाराच्या तब्येतीची काळजी आखाताने पहिल्यापासून घेतली, पण ती दारात उभं करून. आत आल्यावर तो आजारी पडला तर बिल कोणी भरायचं, हे कायद्यात नीट लिहिलं जायला १९९९ साल उजाडावं लागलं.

तोवर प्रश्न अडला नव्हता, कारण तेलाच्या पैशावर उभी राहिलेली सरकारी इस्पितळं बाहेरच्यांनाही फुकट किंवा नाममात्र शुल्कात तपासत होती. मोठ्या कंत्राटदारांचे साइटवर स्वतःचे दवाखाने असत. पण परदेशी लोकांची संख्या वाढत गेली, काही देशांत ती स्थानिकांच्या कितीतरी पुढे गेली आणि नव्वदच्या दशकात तेलाचे भाव पडल्यावर हा खर्च सरकारांना खुपू लागला. पुढच्या पंचवीस वर्षांत जे कायदे आले, त्यांच्या मुळाशी कामगाराची कणव फारशी नव्हती. सरकारी तिजोरीवरचा भार मालकाच्या खिशाकडे सरकवायचा होता. हे एकदा लक्षात घेतलं की कायद्यांतली बरीच कलमं आपोआप उलगडतात.

१९९९ मध्ये दोन देशांनी दोन वेगळ्या वाटा धरल्या. कुवेतने परदेशी रहिवाशांसाठी आरोग्य विम्याचा कायदा केला. त्याला विमा म्हणायचं, पण व्यवहारात ती वर्षाला ५० दिनारची सरकारी फी होती. ती भरल्याशिवाय इकाम्याचं, म्हणजे रहिवासी परवान्याचं, नूतनीकरण नाही आणि उपचार पूर्वीसारखेच सरकारी इस्पितळात. सौदी अरबस्तानने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सहकारी आरोग्य विम्याचा कायदा काढला. तिथे विमा खासगी कंपनीचा, हप्ता मालकाचा आणि उपचार खासगी दवाखान्यांत. मात्र हुकूम निघाला आणि बरीच वर्षं कागदावरच राहिला. अंमलबजावणी सुरू झाली २००६ मध्ये. आधी मोठ्या कंपन्या, मग मधल्या, मग बाकीच्या. जेद्दा-रियाधमध्ये खासगी पॉलिक्लिनिकांचं पीक आलं ते त्यानंतर.

कुवेतची कथा नंतर कडवट होत गेली. २०१३ मध्ये जहरा इस्पितळात बाह्यरुग्ण विभागाची सकाळची वेळ फक्त कुवेती नागरिकांसाठी राखून परदेशी लोकांना संध्याकाळी यायला सांगण्याचा प्रयोग झाला. ऑक्टोबर २०१७ पासून परदेशी रुग्णांच्या फिया वाढल्या. डिसेंबर २०२२ मध्ये औषधांसाठी वेगळे पैसे लागू झाले. विम्याचे ५० दिनार भरलेलेच होते, वर हे. आणि २०२५ च्या डिसेंबरात मूळ रक्कमही दुप्पट, १०० दिनार झाली. कुवेतमध्ये गोव्याची आणि रत्नागिरी-रायगडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांतल्या कंपनीच्या नोकरदाराला ही वाढ जाणवणार नाही. बायको-मुलांचे इकामे स्वतः काढणाऱ्याला जाणवेल.

खरा बदल पाहायचा तर संयुक्त अरब अमिरातीकडे वळावं लागतं. अबू धाबीने २००५ च्या २३ क्रमांकाच्या कायद्याने मालकावर कर्मचाऱ्याचा विमा बंधनकारक केला. २००६ मध्ये ‘दमान’ ही कंपनी उभी राहिली, तीत जर्मनीच्या म्युनिक री या पुनर्विमा कंपनीचा वाटा होता. कमी पगाराच्या कामगारासाठी मूळ योजना निघाली, हप्ता वर्षाला ६०० दिरहॅम. दुबईने २०१३ मध्ये ११ क्रमांकाचा कायदा केला आणि टप्पे पाडले. हजारावर कामगार असलेल्या कंपन्यांना ऑक्टोबर २०१४ अखेर, शंभर ते हजारवाल्यांना जुलै २०१५, शंभराखालच्यांना जून २०१६. शेवटच्या टप्प्यात गाडी अडखळली. घरकामगार आणि कुटुंबीय यांच्यासाठी मुदत वाढत वाढत ३१ मार्च २०१७ पर्यंत गेली.

मोठ्या कंपन्यांना त्रास झाला नाही. त्यांच्या गटविमा पॉलिस्या आधीपासून होत्या. कस लागला तो कॅफेटेरिया, गॅरेज, सलून, कपड्यांचं दुकान चालवणाऱ्यांचा. असा मालक बऱ्याचदा आपल्याकडचाच असतो. पाच-सहा माणसं, दुकानाचं भाडं, परवान्याचं नूतनीकरण, व्हिशाच्या फिया आणि त्यातच हा हप्ता. कायदा म्हणतो की हप्त्याची दिडकी कामगाराकडून घ्यायची नाही. विमा नसेल तर माणशी महिन्याला ५०० दिरहॅम दंड. मग मालक सगळ्यांत स्वस्त पॉलिसी घेतो, व्हिसा उठवण्यापुरती. काही जण हप्ता आडवळणाने वसूलही करतात. तसं करू नका, असं सरकारला वारंवार बजावावं लागतं, यातच काय ते आलं.

दुबईची ही स्वस्त पॉलिसी जवळून पाहण्यासारखी आहे. महिना ४,००० दिरहॅमपर्यंत पगार असलेल्यांसाठी ती आखली. सुरुवातीला हप्ता ५०० ते ७०० दिरहॅमच्या दरम्यान, वर्षाची मर्यादा दीड लाख दिरहॅम. सोनापूरच्या लेबर कॅम्पात राहणाऱ्या एखाद्या गवंड्याच्या कमरेत कळ आली असं धरू. उन्हात काम, पाणी कमी. मूतखडा तिथे नवलाईचा नाही. तो विम्याचं कार्ड घेऊन यादीतल्या क्लिनिकात जातो. आधी साधा डॉक्टर, त्याने चिठ्ठी दिली तरच तज्ज्ञ. तपासणीच्या बिलातला पाचवा हिस्सा त्याने भरायचा, औषधांतला ३० टक्के. इस्पितळात ठेवलं तर २० टक्के, पण एका वेळी ५०० आणि वर्षभरात १,००० दिरहॅमच्या वर नाही. ही शेवटची ओळ महत्त्वाची आहे. दीड लाखाच्या मर्यादेत ऑपरेशनचं बिल कितीही झालं तरी त्याच्या वाट्याला हजारापेक्षा जास्त येत नाही. पूर्वी अशा वेळी खोलीतले लोक वर्गणी काढत, किंवा दुखणं दाबून सुट्टीपर्यंत ढकलत आणि खडा मुंबईत येऊन काढत. त्यामुळे हा कायदा नुसता देखावा आहे असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. गवंड्याला डॉक्टरचं दार उघडलं, ते या कायद्यानेच.

पण त्याच पॉलिसीत आणखी एक कलम होतं. पहिल्यांदाच योजनेत येणाऱ्याला आधीपासूनच्या आणि जुनाट आजारांवर सहा महिने संरक्षण नाही. आणि विमा कंपन्यांच्या दृष्टीने सगळ्यांत सोयीची गोष्ट कलमात नाही, हिशेबात आहे. एवढ्या कमी हप्त्यात कंपन्यांना हे परवडतं कसं? एक तर विमा घेतलेली माणसं बहुतांशी तरुण, तीही गामकाच्या चाळणीतून निवडून आलेली. दुसरं, जो खरोखर मोठा आजारी पडतो त्याची नोकरी जाते, नोकरीबरोबर व्हिसा जातो आणि विम्याच्या यादीतून त्याचं नाव गळतं. म्हातारपण आणि दीर्घ आजार, जे जगातल्या कुठल्याही विमा कंपनीला महाग पडतात, ते विमानात बसवून परत पाठवता येतात. २०१८ मध्ये दुबईने काही कर्करोगांचे उपचार मूळ योजनेत आणले, ते या हिशेबाला दिलेलं दुर्मीळ उत्तर.

व्हिशाला विमा बांधल्यामुळे कायदा अमलात आला, हे खरंच. विम्याशिवाय शिक्का नाही म्हटल्यावर निरीक्षकांची फौज लागत नाही. पण त्याच दोरीने गळाही आवळला जातो, हे २०१६ मध्ये सौदीत दिसलं. तेलाचे भाव कोसळले, सरकारी कंत्राटांचे पैसे अडकले आणि सौदी ओजर ही हरीरी कुटुंबाची बांधकाम कंपनी बुडू लागली. हजारो कामगार महिनोन्‌महिने बिनपगारी कॅम्पांत अडकून पडले, त्यांत हजारो भारतीय. तत्कालीन परराष्ट्र राज्यमंत्री व्ही. के. सिंह तिथे धावले. अन्नाची आणि पगाराची बातमी झाली. त्यामानाने दुसरी गोष्ट मागे राहिली. कंपनीने इकाम्यांचं नूतनीकरण केलं नव्हतं आणि इकामा संपला की कार्ड मेलं. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांची सोय त्या दिवशी संपली. चूक मालकाची, पण कायद्याच्या लेखी कामगार बेकायदा.

या दोरीची गाठ सुटलेली मी एकदाच पाहिली. मार्च २०२० च्या अखेरीस सौदी राजे सलमान यांनी हुकूम काढला, की कोरोनाचा उपचार सर्वांना मोफत, इकामा नसलेल्यांनासुद्धा. शेजारच्या खोलीतल्या बेकायदा माणसाचा खोकला आपल्याही घशात येतो, हे कळल्यावर कार्ड विचारायची गरज उरली नाही. साथ ओसरल्यावर जुना नियम परत आला.

नंतरची पावलं मात्र बऱ्यापैकी वेगाने पडली. सौदीने ऑक्टोबर २०२२ पासून पॉलिसीची किमान मर्यादा दहा लाख रियालवर नेली. २०१४ मध्ये ती पाच लाख होती. जुलै २०२४ पासून चारपेक्षा जास्त घरकामगार ठेवणाऱ्यांना त्यांचा विमा सक्तीचा झाला. एकटी मोलकरीण ठेवणारं घर यातून सुटलं आणि घरकाम करणाऱ्या बहुसंख्य बाया अशाच घरांत असतात. १ जानेवारी २०२५ ला अमिरातीतली राहिलेली पाच राज्यंही सक्तीत आली. शारजा, अजमान, उम्म अल कुवैन, रास अल खैमा, फुजैरा. मूळ योजनेचा हप्ता ३२० दिरहॅम, म्हणजे तेव्हाच्या दराने आपले साडेसात हजार रुपये. शारजात राहून दुबईत काम करणाऱ्यांचं कार्ड दुबईचं. शारजातच नोकरी करणारे इतकी वर्षं उघड्यावर होते.

आणि आपलं सरकार? त्याची प्रवासी भारतीय विमा योजना २००३ पासून आहे. दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर दहा लाख. ती सक्तीची आहे ती ईसीआर, म्हणजे परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागणाऱ्या पासपोर्टवाल्यांना, ढोबळमानाने दहावी न झालेल्यांना. चिपळूण-खेडचा दहावी पास पोरगा ईसीएनआर, म्हणजे त्या मंजुरीतून सुटलेला. त्याच्यावर सक्ती नाही, म्हणून तो ती घेतच नाही. आजारपणासाठी तर तिचा आधार तुटपुंजाच. शव आणणं, अडकलेल्याला तिकीट देणं, अडीनडीला इस्पितळाचं बिल भरणं यासाठी वकिलातींकडे २००९ पासून समाज कल्याण निधी आहे. तो उपयोगी पडतो, पण तो हक्क नव्हे. अर्ज करून मागायची मदत आहे.

पन्नाशीला माणूस कायमचा परत येतो. बरोबर मधुमेह, कधी मूत्रपिंडाची तक्रार. महाराष्ट्रात २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सर्व कुटुंबांना पाच लाखांपर्यंत खुली करण्याचा निर्णय झाला. शस्त्रक्रिया आणि इस्पितळात दाखल होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी तिचा आधार आहे. महिन्याच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. खासगी विमा घ्यायला गेला तर आखातात वीस वर्षं कंपनीने भरलेले हप्ते इथे कोणी मोजत नाही. त्या पॉलिस्या दर वर्षाच्या होत्या, त्या तिथेच संपल्या. भारताचा एकाही आखाती देशाशी सामाजिक सुरक्षेचा करार नाही. तिथल्या उन्हात जडलेला आजार इथल्या कंपनीच्या लेखी ‘पूर्वीपासूनचा’ ठरतो आणि त्यासाठी प्रतीक्षेची मुदत लागते. ती २०२४ पर्यंत जास्तीत जास्त चार वर्षांची होती; आता तीन.